कोळंबीच्या एका डोळ्यासाठी सात महिने

आम्ही वडोदऱ्याचे सीकेपी. घरात कोळंबी म्हणजे कालवण, नाहीतर खिचडी. प्रयोगासाठी तिचा एक डोळा काढायला मी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या आमच्या समितीकडे अर्ज करतेय म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, मी दर रविवारी किलोभर सोलते. मला विचारलंय कुणी?"

तसं तिचं बरोबर होतं. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात खाण्यासाठी मारायला सूट आहे, विनाकारण यातना दिल्या नाहीत तर. प्रयोगांसाठी मात्र वेगळं प्रकरण आहे.

माझा संशोधनाचा विषय कोळंबीच्या कात टाकण्याचा. कात लांबवणारं संप्रेरक कोळंबीच्या डोळ्याच्या देठात असतं, म्हणून एक देठ काढून पुढे काय होतं ते बघायचं. हॅचरीत मादी लवकर पिकावी म्हणून हेच सर्रास करतात. मी भरूचहून नर्मदेतली जंबो कोळंबी आणली आणि एकेकीला वेगळ्या टाकीत ठेवलं. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी बाकीच्या फस्त करतात.

पहिला अर्ज आठवड्यात परत. शेरा: "अपृष्ठवंशी. आवश्यकता नाही." सर खूश, "सुंठीवाचून खोकला गेला." पण जर्नलला परवानगीचा नंबर हवा होता, नाहीतर सूट असल्याचं सहीचं पत्र. "आवश्यकता नाही" असं पेन्सिलीने लिहायला सगळे तयार, लेटरहेडवर कुणीच नाही.

मग कायदाच काढून वाचला. कलम २ मध्ये प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कण्याचा उल्लेखच नाही! कलम १७ म्हणतं, शस्त्रक्रिया असेल तर शक्यतो पुरेशी भूल द्या. (या कायद्याखालच्या सरकारी समितीचा आदेश मोडला तर कलम २० खाली दंड जास्तीत जास्त २०० रुपये. किलोभर जंबो त्याहून महाग पडते.) गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये उलटं. तिथे २०२२ च्या कायद्याने खेकडा, शेवंड, कोळंबी यांना संवेदना असते हे मान्य केलं, पण प्रयोगशाळांचा १९८६ चा कायदा त्याने बदलला नाही. त्या कायद्यात ऑक्टोपस १९९३ सालीच आला होता. कोळंबीला जागा मिळाली नाही.

दुसऱ्या खेपेला हे सगळं जोडलं. बैठकीत पशुवैद्य डॉक्टरांनी सरळ विचारलं, "दुखतं कशावरून?" मी बेलफास्टचे प्राणिशास्त्रज्ञ एलवूड यांच्या गटाचं २००८ चं काम सांगितलं: कोळंबीच्या एका मिशीला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं तर ती तीच मिशी चोळत बसते, टाकीच्या भिंतीवर घासते, आधी बधिर केली तर हे कमी होतं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, भूल कसली देणार?"

इथे अडले. माशांची नेहमीची भूल कोळंबीवर नीट चालत नाही. चालतं ते लवंगेचं तेल. मंगळ बजारातून बाटली आणली, आजी दाढदुखीला कापसावर घ्यायची तीच. तेल पाण्यात मिसळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. किती थेंबांनी कोळंबी कलंडते आणि साध्या पाण्यात किती वेळाने पुन्हा पाय हलवते, याच्या नोंदी करण्यात दोन महिने गेले. प्रयोगशाळेला मसालेभाताचा वास. शिपाईकाका रोज दारातून विचारायचे, "ताई, आज जेवण कधी?"

तिसऱ्या खेपेला मंजुरी मिळाली. नंबर, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. फक्त आमच्या छापील फॉर्मवर उंदीर, ससा, गिनीपिग आणि मासा एवढेच रकाने आहेत, म्हणून क्लार्कने माशापुढे टिक केली आहे. दुरुस्तीसाठी अर्ज दिलाय. पुढची बैठक दिवाळीनंतर.