तार, प्लेट की स्क्रू? माझ्या मोडलेल्या बोटाची गोष्ट

जूनमध्ये धारेच्या वेळी आमची गाय बिथरली. दाव्याचा वेढा माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेला बसला होता. तिनं मान झटकली आणि बोट पिळवटून निघालं. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. "हाड फारसं सरकलेलं नाही," म्हणून हात प्लास्टरच्या पट्टीत बांधून दिला. चार दिवसांनी सूज उतरली, पट्टी बदलायला सोडली. मी बोटं जरा मिटून पाहिली, तर अनामिका करंगळीवर चढत होती.

कोल्हापुरात हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आधी तेच पाहिलं, एक्स-रे नंतर. मूठ मिटताना बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाकडे झुकायला हवीत. माझं हाड मळसूत्रासारखं तिरकं मोडलं होतं. असं हाड घसरतं, फिरतं, प्लास्टर त्याला धरू शकत नाही. तसंच जुळलं असतं तर मूठ कायमची वाकडी झाली असती.

मी प्रत्येक पर्याय खोदून विचारला. तारा सगळ्यात स्वस्त. चिरा न घेता कातडीतून जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या तारा हाडात घालायच्या, तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच काढायच्या. पण त्यांची टोकं बाहेर राहतात, ती कोरडी, स्वच्छ ठेवावी लागतात. प्लेट सगळ्यात भक्कम. मात्र बोटाच्या पाठीवर हाडाला लागूनच बोट सरळ करणारा स्नायुबंध सरकत असतो. तो प्लेटला चिकटला की बोट आखडतं, कधी प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हाडाच्या पोकळीतून घालायचा स्क्रूही असतो, पण तो आडव्या मोडीला शोभतो. माझी मोड हाडाच्या रुंदीच्या दुपटीहून लांब होती, त्यामुळे दोन्ही तुकडे आवळून धरणारे बारीक स्क्रू बसू शकत होते.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "दहा गाई आहेत, दोन वेळा धार." शेण, मूत, पाणी, वैरण. बाहेर आलेल्या तारा घेऊन गोठ्यात वावरायचं म्हणजे जखम चिघळायला आमंत्रण. खर्च जास्त होता, तरी मी स्क्रू निवडले. गोठ्याचं काम नसतं तर तारांनीही भागलं असतं, असं मला वाटतं.

पूर्ण भूल दिली नाही. हातातच इंजेक्शन दिलं, अर्धा तास थांबले आणि मी जागाच होतो. तीन स्क्रू बसल्यावर टाके घालण्याआधी डॉक्टर म्हणाले, "मूठ मिटा." मी मिटली. अनामिका आपल्या जागी, सरळ रेषेत बसली होती. त्या क्षणी डोळ्यात पाणी आलं.

खरी कसोटी पुढे होती. चौथ्या दिवसापासून काढता-घालता येणारी पट्टी मिळाली आणि दर दोन तासांनी बोट वाकवायचं, सरळ करायचं. दुखायचं, सूज यायची, तरी एकही वेळ चुकवली नाही. नंतर अनामिका मधल्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून हलकी कामं सुरू केली. दोन महिने सकाळ-संध्याकाळ धार वहिनीनं काढली. तिचे उपकार मोठे आहेत.

आता मूठ पूर्ण मिटते. सरळ करताना मधला सांधा अजून जरा अडतो. रोज रात्री कोमट पाण्यात हात बुडवून तो सोडवत बसतो.