अंबड, सातपूर आणि 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'

प्रोग्रॅममधली आज्ञा प्रोसेसरला येतच नसेल तर काय होतं, हे नाशिकच्या एका फेरीत दोन कारखान्यांत पाहिलं. पण आधी प्रवासाचं. पुण्याहून नाशिकच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याने आधी एक गोष्ट विचारून घ्यावी: अंबड की सातपूर? बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतात. अंबड मुंबई हायवेकडे आहे, तिथे जायचं तर नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षा पकडावी. सातपूर त्र्यंबक रोडवर, त्यासाठी सीबीएस बसस्थानकापर्यंत बसून राहिलेलं बरं. अंतर साधारण २१० किलोमीटर, वेळ पाच तास धरावा. मुंबईकरांना सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची. पंचवटी सकाळी नाशिकहून मुंबईला जाते, येताना ती संध्याकाळची. आणि नाशिकरोड स्टेशनला उतरलात म्हणजे कारखान्यात पोचलात असं नाही, पुढचा रिक्षाचा वेळ वेगळा धरा.

आम्ही कारखान्यांत पार्ट तपासायचे कॅमेरे आणि लायटिंग जोडून देणारे. तपासणीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं. अंबडमधल्या एका प्रेसशॉपमध्ये त्याची नवी आवृत्ती टाकल्यापासून लाइन बंद पडत होती. सुपरवायझरांनी दारातच सांगितलं, "भाऊ, पीसी तोच, कॅमेरा तोच. फक्त सॉफ्टवेअर नवीन टाकलंय."

गंमत अशी की प्रोग्रॅम व्यवस्थित उघडत होता. लॉगिन होत होतं, कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं, सेटिंग सेव्ह होत होत्या. पहिला पार्ट कॅमेऱ्याखाली आला की गायब. टर्मिनलवरून चालवल्यावर दोनच शब्द: 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. कर्नलच्या लॉगमध्येही, म्हणजे डीमेसेजमध्ये, 'ट्रॅप इनव्हॅलिड ऑपकोड' अशी ओळ होती. जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन, लावून प्रोग्रॅम जिथे मेला तिथली इन्स्ट्रक्शन पाहिली. तिचं नाव 'व्ही'ने सुरू होत होतं आणि रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली आकडे ठेवायची जागा, वायएमएम होतं. एवढ्यावर निदान झालं: एव्हीएक्स, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा संच. पॅनेलच्या आतला पीसी इंटेलच्या सेलेरॉन जे१९०० वर चालणारा. त्याची धाव एसएसई ४.२ या आधीच्या संचापर्यंत, एव्हीएक्स त्यात नाहीच. पंखा नाही, धुळीला जुमानत नाही, म्हणून असे पीसी शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षं टिकतात. ते बदला असं सांगणं सोपं आहे, पण चालतं मशीन कोणी का बदलावं?

हा प्रकार नवा नाही. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या १.६ आवृत्तीपासून तयार मिळणारी पॅकेजेस एव्हीएक्स धरूनच येऊ लागली आणि जुन्या मशीनवाल्यांना हाच संदेश दिसू लागला. शिवाय प्रोसेसर कोणत्या साली आला यावर जाऊ नका. एव्हीएक्सची पुढची आवृत्ती एव्हीएक्स-२ इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल पिढीबरोबर आणली, पण त्याच पिढीच्या सेलेरॉन-पेंटियममध्ये ती दिली नाही.

फोनवर त्या कंपनीच्या इंजिनिअरशी बोललो. त्यांचं म्हणणं, "आमच्या कोडमध्ये चेक आहे की." होता, पण कंपाइल टाइमचा, म्हणजे प्रोग्रॅम तयार होतानाचा. 'इफडेफ' लावून एव्हीएक्स-२ चा मॅक्रो पाहायचा, हा प्रश्न प्रोसेसरला नसतो, कोडच्या इन्स्ट्रक्शन बनवणाऱ्या कंपायलरला असतो. त्याला जो पर्याय दिला त्याचंच उत्तर तो परत देतो. बिल्ड करणाऱ्या मशीनवर 'मार्च = नेटिव्ह' (याच मशीनचा प्रोसेसर धर) हा पर्याय लावला की ते मशीन म्हणजेच जग, असं तो धरून चालतो. अंबडच्या पॅनेलमध्ये काय आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. प्रोग्रॅम कुठल्या पीसीवर जाईल हे ठाऊक नसेल तर तपासणी रनटाइमलाच, म्हणजे प्रोग्रॅम चालतानाच हवी, तीही मेन फंक्शनच्या पहिल्या ओळीत, आणि उत्तर माणसाला कळेल अशा वाक्यात. जीसीसी आणि क्लॅंगमध्ये 'बिल्टिन सीपीयू सपोर्ट्स' आहे, रस्टमध्ये 'इज एक्स८६ फीचर डिटेक्टेड' हा मॅक्रो. स्वतः प्रोसेसरची ओळख सांगणाऱ्या सीपीयूआयडीचे बिट वाचत बसू नका. एव्हीएक्ससाठी ऑपरेटिंग सिस्टिमनेही ती रजिस्टरं जपायची तयारी दाखवावी लागते, आणि घरगुती चेकमध्ये नेमकं तेच राहून जातं.

इथे आणखी एक खड्डा आहे. चेक ज्या फाइलमध्ये आहे तीच फाइल एव्हीएक्स-२ चालू ठेवून कंपाइल केली, तर चेकच्या आधीच्या साध्या ओळींतही कंपायलर त्या इन्स्ट्रक्शन पेरू शकतो. गेटवरच्या वॉचमनला आतल्या गोदामात बसवल्यासारखं. अनेक फाइलींत सामाईक असणाऱ्या हेडरमधल्या टेम्पलेटचं तर आणखी वाईट: दोन फाइलींत एकाच फंक्शनच्या दोन प्रती तयार होतात, फाइली जोडणारा लिंकर एक ठेवतो, आणि ठेवलेली नेमकी एव्हीएक्सवाली निघाली तर जुन्या मशीनवरही तीच चालते. म्हणून वेगवान कोड वेगळ्या फाइलीत ठेवा, चेक साध्या पर्यायांनी कंपाइल करा, आणि दोन्हींत सामाईक हेडर शक्य तितके कमी.

दुपारी मिसळ खाल्ली. वर्णन करत नाही, नाशिकला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

सातपूरला चित्र उलटं होतं. तिथल्या कंट्रोलर बोर्डावर आधी एसटीएम३२एफ३०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, म्हणजे कॉर्टेक्स-एम४, फ्लोटिंग पॉइंट (दशांश गणिताच्या) युनिटसकट. स्वस्त आवृत्तीसाठी एफ१०३ घेतला, तो कॉर्टेक्स-एम३, ते युनिट नाही. बिल्डच्या सूचना असलेल्या मेकफाइलमध्ये पर्याय जुनेच राहिले होते, तरी काही बिघडलं नाही. सीएमएसआयएस या कॉर्टेक्स चिपसाठीच्या लायब्ररीच्या हेडरमध्येच एक 'एरर' लिहून ठेवलेला आहे: फ्लोटिंग पॉइंट युनिट नसलेल्या चिपसाठी कंपायलर त्याच्या इन्स्ट्रक्शन बनवतोय. बिल्ड तिथेच थांबली. बोर्डावर स्क्रीन नाही, संदेश वाचायला कोणी नाही, चिप आधीच ठरलेली. अशा ठिकाणी कंपाइल टाइमलाच अडवणं योग्य. हाच कोड चिपवर गेला असता तर फॉल्ट, वॉचडॉग (अडकलेली चिप रीसेट करणारा टायमर), रीसेट, पुन्हा फॉल्ट, आणि बाहेरून दिसला असता फक्त लुकलुकणारा दिवा.

तिसरा प्रकार मात्र रनटाइम आणि कंपाइल टाइम या दोन्ही जाळ्यांतून निसटतो. एम४ वरचं ते युनिट फक्त सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे ३२ बिटांच्या आकड्यांचं असतं. कोडमध्ये दशांशाच्या आकड्याच्या शेवटी 'एफ' लिहायचा राहिला की तो डबल, म्हणजे ६४ बिटांचा होतो आणि गणित सॉफ्टवेअरमधून चालतं. एरर नाही, फॉल्ट नाही, उत्तरही बरोबर. फक्त लूप वेळेत संपत नाही. 'डब्ल्यू-डबल-प्रमोशन' ही वॉर्निंग चालू ठेवा आणि तिला एररचा दर्जा द्या.

तुम्ही अशा फेरीला निघणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून तिथल्या पीसीवर प्रोसेसरची माहिती देणारी एलएससीपीयू ही कमांड चालवायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो मागवा. 'फ्लॅग्ज'ची ओळ पूर्ण दिसली पाहिजे. नव्या लिनक्सवर, म्हणजे जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ किंवा पुढच्यावर, प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या डायनॅमिक लोडरला 'हेल्प' विचारलं की मशीन एक्स८६-६४ या पीसी प्रोसेसरांच्या क्षमतेच्या व्ही२ पातळीचं की व्ही३ चं, तेही तो सांगतो. जे१९०० व्ही२ मध्ये बसतो, एव्हीएक्स-२ व्ही३ मध्ये येतं. मायक्रोकंट्रोलर असेल तर डीबगरने सीपीयूआयडी रजिस्टर वाचा: पार्ट नंबर सी२३ म्हणजे एम३, सी२४ म्हणजे एम४. चिपवरच्या छापापेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवतो.

अंबडसाठी त्या कंपनीकडून व्ही२ ची बिल्ड संध्याकाळी मेलवर आली आणि लाइन सुरू झाली, पण ती पीसीवर टाकायला भलताच वेळ गेला. पॅनेल पीसीला इंटरनेट नव्हतं आणि यूएसबी पोर्टवर आयटीचं सील होतं. ते सील काढायच्या परवानगीची मेल घरून निघण्याआधीच टाकून ठेवा, नाहीतर पुण्याची बस चुकते.