नऊ प्रश्न, नऊ शून्यं

त्याने फॉर्म मिनिटभरात भरून परत दिला. नऊ प्रश्न आणि नऊच्या नऊ ठिकाणी शून्य.

मी एका कॉलेजच्या समुपदेशन कक्षात काम करते. परदेशातून शिकायला आलेली मुलं आमच्याकडे क्वचितच आपणहून येतात. यालाही त्याच्या प्राध्यापकांनी पाठवलं होतं. मास्टर्सचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत बसल्या बसल्या झोपायचा, दोन असाइनमेंट राहिलेल्या. त्याची स्वतःची तक्रार मात्र एकच होती, पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या होत्या, त्यांत काही निघालं नव्हतं. (ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. त्याचा देशही सांगत नाही.)

फॉर्म होता पीएचक्यू-९. नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी तो जगभर वापरला जातो. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मन उदास असणं यांचा किती त्रास झाला, ते ० ते ३ मध्ये सांगायचं. एकूण गुण २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर आम्ही नीट खोलात जातो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दलचा आहे. बेरीज काहीही येवो, त्याचं उत्तर मी आधी बघते.

समोर बसलेल्या मुलाचे डोळे जागरणाने लाल झाले होते आणि झोपेच्या प्रश्नापुढे शून्य होतं. उठता उठता त्याने विचारलं, "मॅडम, हा कागद कुठे जातो?"

"फाइलमध्ये," मी म्हणाले.

"कुठल्या फाइलमध्ये?"

"इथल्याच." पुढची विद्यार्थिनी बाहेर थांबली होती. तो मान हलवून गेला.

दुपारी दुसऱ्याच कामासाठी मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात गेले. बोलता बोलता तिथल्या बाई म्हणाल्या, "आजारपण कळलं तर व्हिसा जाईल का, असं विचारणारे आठवड्याला दोघे-तिघे तरी येतात. 'माझ्या एका मित्रासाठी विचारतोय' म्हणतात."

मी जागच्या जागी थांबले. सकाळी त्याने तोच प्रश्न मला दोनदा विचारला होता आणि मी दोन्ही वेळा एका शब्दात वाटेला लावलं होतं. गुप्ततेची माहिती त्याने सही केलेल्या छापील पानावर होती, हे खरं. पण अनेक देशांत विद्यार्थी-व्हिसा पूर्णवेळ शिक्षणाला बांधलेला असतो. शिष्यवृत्ती गुणांना बांधलेली आणि घरचं कर्ज या मुलाच्या पदवीला. अशा मुलाच्या लेखी प्रत्येक सही म्हणजे सरकारदरबारी गेलेला कागद. बारीक अक्षरातल्या चार ओळींनी ती भीती कशी जाणार?

मी त्याला ईमेल लिहिला. "तुझ्या प्रश्नाचं मी अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर द्यायचं आहे. मी संध्याकाळपर्यंत आहे." पावणेपाचला तो दारात उभा होता.

या वेळी मी काही विचारलं नाही, आधी सांगितलं. तुझ्या नोंदी या कपाटात राहतात, तुझ्या गुणपत्रकात जात नाहीत. प्राध्यापकांना, आंतरराष्ट्रीय कार्यालयाला, घरी, मी तुझ्या लेखी परवानगीशिवाय कळवत नाही. याला अपवाद आहे, तोही आधीच ऐक. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मी गप्प बसू शकत नाही. आणि तेव्हाही शक्य असेल तर आधी तुला सांगेन. न्यायालयाचा आदेश आला तर काय होतं, तेही सांगितलं.

तो बराच वेळ कपाटाकडे बघत होता. मग म्हणाला, "तो फॉर्म परत द्याल?"

पीएचक्यू-९ अनेक भाषांत उपलब्ध आहे. मी त्याच्या भाषेतला छापून दिला. सकाळी इंग्रजीत मिनिटभरात उरकलेला कागद आता पुढे सरकेना. एकेका ओळीवर पेन थांबत होतं. दुसऱ्या, मन उदास असण्याच्या प्रश्नापाशी त्याने डोळे पुसले. परक्या भाषेतला 'डिप्रेस्ड' हा शब्द त्याला परीक्षेतल्या शब्दासारखा होता. स्वतःच्या भाषेतला शब्द बहुधा लहानपणापासून ऐकलेला.

बेरीज १८ आली. नवव्या प्रश्नापुढे १.

मी सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती पुष्कळांना वाटते, शिक्षकांनाही. संशोधनात तसं आढळलेलं नाही. त्याने खांदे सैल सोडले आणि बोलू लागला. झोपेतून उठूच नये असं वाटायचं. काही ठरवलं नव्हतं, कसली तयारी केली नव्हती. मी प्रत्येक गोष्ट नीट विचारून खात्री करून घेतली. शेजारच्या खोलीतून मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली.

इथे आल्यापासूनचा त्याचा अकरावा महिना चालू होता. याचा मला फार राग येतो. आमची सगळी स्वागतं, माहितीसत्रं, मदतीचे फलक पहिल्या पंधरवड्यात. १९५५ साली स्वेरे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या दोनशे जणांच्या मुलाखतींवरून लिहिलं होतं की सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं जुळवून घेणं सर्वांत कठीण गेलं. नंतरच्या अभ्यासांत हा आलेख सगळीकडे सापडला नाही, कित्येकांना पहिले महिनेच जड जातात. पण अकराव्या महिन्यात या मुलाकडे बघायला आमच्या वेळापत्रकात कुणीच नव्हतं.

वैतागून तो दोन विषय सोडून देणार होता. मी म्हणाले, थांब, क्रम महत्त्वाचा आहे. वैद्यकीय कारणाने विषय कमी करण्याची किंवा रजेची सोय पुष्कळ ठिकाणी असते, पण परवानगी आधी आणि विषय सोडणं नंतर. उलट झालं तर खरोखरच व्हिसाची अडचण होऊ शकते. त्याच्या परवानगीने कार्यालयाला पत्र लिहिलं. आजाराचं नाव त्यात नको म्हणाला. मी घातलं नाही. तिथले नियम काय मागतात ते बघून पुढचं ठरवायचं, असं ठरलं.

मग आम्ही सुरक्षा-योजना लिहायला बसलो. एकच पान असतं. बिनसायला लागलंय हे कशावरून ओळखायचं, एकट्याने काय करता येईल, कुठे जाऊन बसता येईल, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टर आणि तातडीचे क्रमांक, खोली सुरक्षित कशी ठेवायची. माणसांच्या रकान्यात "कुणी नाही" म्हणाला. मी थांबले. घरी त्या वेळी मध्यरात्र होती, म्हणून घरच्यांची नावं तो धरतच नव्हता.

"झोपेतून उठवलं तर चालेल असं कुणी?"

त्याने पेन उचललं आणि आपल्या लिपीत एक नाव लिहिलं. मला वाचता येईना. मी वाचून दाखव म्हटलं.

"मोठी बहीण," तो म्हणाला. जरा वेळाने त्याखाली आणखी एक नाव लिहिलं.