मुखपृष्ठावरची म्हैस

मागच्या श्रावणात लहान मुलांच्या एका सोळा पानी चित्रपुस्तकाचे काम माझ्याकडे होते आणि गोष्ट मेळघाटातल्या एका म्हशीची होती. मुखपृष्ठ आणि आतली नऊ चित्रे मी अमरावतीला घरी बसून पूर्ण करून पाठवली होती. उरलेल्या चित्रांसाठी काहीच सुचेना, तेव्हा चार दिवस चिखलदऱ्याजवळ मामांच्या गोठ्यावर राहायचे ठरवले. ‘प्रेरणा घ्यायला येते,’ असे फोनवर सांगितले, तर मामींनी येताना परतवाड्याहून मीठ आणि ढेपेचे पोतेही घेऊन यायला सांगितले.

सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या धुक्यात जलरंग वाळत नाहीत, हे मला तिथे गेल्यावर कळले. खाली जो वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पंधरा मिनिटांत वाळतो, तो तिथे तासाभरानेही ओलाच राहतो आणि त्यावर दुसरा थर दिला की सगळा रंग गढूळ होतो. शेवटी मामांच्या खव्याच्या भट्टीपासून दोन हातांवर कागद धरून वाळवू लागले. त्या चित्रांना अजून धुराचा वास येतो. म्हैस रंगवताना मी ट्यूबमधला काळा वापरत नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून काळा तयार करते आणि ओल्या पाठीवर, जिथे आभाळ उमटते, तिथे निळा मोकळा सोडते. बाजारातल्या निम्म्या चित्रपुस्तकांतल्या म्हशी डांबराने सारवल्यासारख्या का दिसतात, याचे कारण तो ट्यूबमधला काळा आहे.

पाठवलेल्या चित्रांच्या प्रती मी मोठ्या कौतुकाने मामांपुढे मांडल्या. त्यांनी गोठ्यातून उठणाऱ्या म्हशीचे चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “म्हैस मांगून उठते व बाई. हे तं घोडं उठून राह्यलं.” मग मुखपृष्ठावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “अन् हे शिंगं कुठचे?”

ती शिंगे इंटरनेटवरची होती. ‘म्हैस’ शोधले की समोर येते ती बहुधा हरियाणाकडची मुऱ्हा, कानाजवळ घट्ट वेटोळे घातलेल्या शिंगांची. आमच्याकडच्या नागपुरी म्हशीची शिंगे लांब, चपटी, तलवारीसारखी असतात आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे खांद्याकडे जातात. या म्हशीला एलिचपुरीही म्हणतात. एलिचपूर म्हणजे अचलपूर, आणि तेच मागे टाकून मी घाट चढून आले होते.

त्यानंतर तीन दिवस पहाटे पाचला मी गोठ्यात उकिडवी बसून राहिले. म्हैस पुढच्या गुडघ्यांवर रेलते, मान पुढे झोकते, त्या झोकाने मागचे अंग वर उचलते, क्षणभर तशीच तिरपी राहते आणि मग एकेक करून पुढचे पाय सरळ करते. तो तिरपा क्षण कागदावर पकडायला मला चाळीसेक रेखाटने करावी लागली, आणि त्यांतले शेवटचे मी आजवर केलेल्या रेखाटनांपैकी सर्वांत चांगले आहे, असे मला निःसंकोचपणे वाटते.

परतल्यावर मी ते चित्र आणि मुखपृष्ठ दोन्ही, मानधन न वाढवता, नव्याने करून पाठवले. संपादिकाबाईंनी आतले चित्र बदलले. मुखपृष्ठ मात्र विक्रेत्यांच्या यादीत छापून गेले होते. “शिंगांकडे कोण बघतं? मुलांना काय कळतं?” असे त्या म्हणाल्या. मेळघाटाची गोष्ट छापणाऱ्यांनी मेळघाटातली मुले वाचक म्हणून धरलेलीच नव्हती, हे मला त्या वेळी लख्ख दिसले. तरीही मी वाद घातला नाही, कारण पुढचे काम त्यांच्याकडूनच यायचे होते आणि चूक मुळात माझीच होती.

पुस्तक दिवाळीआधी आले. आत म्हैस मागून उठते आणि तिची शिंगे खांद्यापर्यंत जातात; मुखपृष्ठावर तीच म्हैस वेटोळी शिंगे घेऊन उभी आहे. मामांची नात पहिलीत गेली आहे आणि पुस्तक केव्हा पाठवतेस, असे मामांनी दोनदा विचारले आहे. तिच्यासाठी बाजूला काढलेली प्रत अजून माझ्या टेबलाच्या खणातच आहे.