बेल्जियमचे किल्ले, अपडेट: चौदा झाले, एक हुकला

राम राम मंडळी. मागचं अपडेट टाकलं तेव्हा आकडा नऊवर होता, आता चौदा झालेत, आणि एक हुकलाय त्याची रडकथा शेवटी सांगतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी मूळचा पुण्याचा, दर रविवारी सिंहगड करणाऱ्या जमातीतला, तीन वर्षं झाली कामासाठी लुव्हनला आहे. गाडी नाही, त्यामुळे सगळं ट्रेन, बस आणि पाय. गाडी असती तर यादी कधीच संपली असती असं बायको म्हणते, पण गाडीनं किल्ला म्हणजे पार्किंग ते तिकीट खिडकी एवढाच ट्रेक, त्यात काय मजा राव.

पहिलं वर्ष माझं उंची शोधण्यातच गेलं. सह्याद्रीची सवय, कडा दिसला नाही की किल्ला वाटतच नाही. पण या अख्ख्या देशाचं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे बोत्रांज, ६९४ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. बरं त्या ६९४ चं इथल्यांनाही वाईट वाटलं असणार, कारण १९२३ साली त्यांनी तिथे मातीचा सहा मीटरचा ढिगारा घातला आणि वर जायला पायऱ्या केल्या, झाले ७०० पूर्ण. मी चढलो, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर ‘देशातलं सर्वोच्च शिखर सर’ असं टाकलं, मामांनी अभिनंदन पण केलं. सांगायचं ते हे की इथे डोंगर बघून किल्ला कळत नाही, आधी नदी बघायची. नकाशावर नदीनं कुठे वळसा घेतलाय, कुठे दोन नद्या मिळतात, कुठे जुना पूल होता, तिथे बोट ठेवा, नव्वद टक्के वेळा किल्ला असतो.

या सीझनचा सगळ्यात भारी म्हणजे बुईयों. आर्देन नावाच्या डोंगराळ, जंगली भागात, पार फ्रान्सच्या हद्दीजवळ. लिब्रामोंपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, बसमधून शेवटच्या उतारावर एकदम खाली गाव आणि वर लांबच लांब दगडी गलबतासारखा किल्ला दिसतो. सेमोआ नदी त्या डोंगराला तीन बाजूंनी वेढा घालते, मधे चिंचोळी धार आणि त्या धारेवरच किल्ला बांधलेला, म्हणून रुंदी काहीच नाही, सगळी लांबी. मला नळदुर्गची आठवण झाली, तिथे बोरीचं पाणी असंच किल्ल्याला कामाला लावलंय. आत शिरायला एकामागून एक तीन उचलते पूल, म्हणजे एक पडला तरी दुसरा आहेच.

हा इथल्या गॉडफ्री नावाच्या सरदाराचा किल्ला. पहिल्या धर्मयुद्धाला, म्हणजे १०९६ ला निघताना पैसे हवे होते म्हणून त्यानं हा किल्ला लिएजच्या बिशपकडे गहाण टाकला, जेरुसलेम १०९९ ला घेतलं, ११०० मध्ये तिकडेच वारला. किल्ला काही परत सोडवला गेला नाही, शेकडो वर्षं बिशपांकडे राहिला. पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं घेतल्यावर त्याच्या व्होबां नावाच्या किल्लेबांधणीकारानं त्याला तोफांच्या काळाला साजेसा केला, त्यामुळे खालचे दगड एका जमान्याचे आणि वरची तटबंदी दुसऱ्याच, हे चालताना हाताला पण जाणवतं.

एक जागा मात्र खास तुम्हा लोकांसाठी सांगतो. खडकातच कोरलेली एक बैठक आहे, तिला गॉडफ्रीची खुर्ची म्हणतात. खुर्ची कसली, पहारेकऱ्याची जागा आहे, आपल्या दरवाजाजवळच्या देवडीची चुलत बहीण. मी बसून बघितलं. दगड थंडगार, पाठ टेकायला कोन बरोबर, आणि समोर नदीचा वळसा दिसतो, म्हणजे कुणी कुठूनही येऊ दे, याला मान वळवायचे कष्ट तेवढे. कडेला शेवाळं होतं आणि बसायच्या ठिकाणी दगड झिजून गुळगुळीत. दहा मिनिटं बसलो असेन, मागे एक शाळेची सहल रांग लावून उभी होती तेव्हा उठलो. इथला दगड पाटीचा, थरांचा, पाऊस पडला की काचेसारखा होतो. आपल्या बेसाल्टवर पकड घेणारे माझे बूट इथे दोनदा घसरले, एकदा तर त्याच शाळेच्या सहलीसमोर.

दुसऱ्या दिवशी सेमोआच्या कडेनं चाललो. बोताश्शारजवळ एक पॉइंट आहे, समोर झाडांनी भरलेली लांबट टेकडी आणि तिच्याभोवती नदीची पूर्ण गाठ, नाव ‘राक्षसाची कबर’. रोमनांच्या हाती लागण्यापेक्षा कड्यावरून उडी टाकलेल्या एका धिप्पाड योद्ध्याला तिथे पुरलं अशी दंतकथा. पुढे रोशओच्या बाजूला लोखंडी शिड्यांची वाट आहे, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला गेलेल्यांना हसू येईल, पण ओल्या शिडीवर मी गप्प होतो. या खोऱ्यात तंबाखू पिकायचा, वाळवायच्या जुन्या काळ्या लाकडी शेड अजून मधूनमधून उभ्या आहेत. माझं आजोळ निपाणीचं, त्यामुळे मी त्या शेडचेच फोटो किल्ल्यापेक्षा जास्त काढले. आणि हो, जूनमध्ये उंच गवतातून जात असाल तर मोजे पँटवर ओढा, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे बघा. मला गोचीड निघाली, बारीक तिळाएवढी. इथे त्यातून लाइम नावाचा आजार होतो, चेष्टा नाही.

रविवारची परतीची बस माझ्याच चुकीनं गेली, वेळापत्रकातला शाळेच्या दिवसांचा कॉलम बघत बसलो होतो. दोन तास गावात. फ्राईज खाल्ल्या, गडावरच्या पिठलं-भाकरीची जागा इथे फ्राईजच्या टपरीनं घेतलीय असं मी धरून चाललोय. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्या, जुन्या पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात.

आता नामुर शहराचा किल्ला. सांब्र आणि म्यूज या नद्या जिथे मिळतात त्याच नाकावर. बघायला फार देखणा नाही, बुटका, जाड, पसरलेला, फोटोत तर मातीचा बांध वाटतो. पण माझं डोकं सगळ्यात जास्त इथेच चाललं. १६९२ मध्ये व्होबांनं याला वेढा घातला, राजा लुई स्वतः हजर, आत कूहोर्न नावाचा डच किल्लेबांधणीकार, म्हणजे त्या काळातले या विषयातले दोन बाप आमनेसामने. महिना-सव्वा महिन्यात किल्ला पडला. तीन वर्षांनी, १६९५ ला इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमनं परत घेतला, तेव्हा कूहोर्न बाहेरून वेढ्यात होता. आता हीच सालं आपल्याकडे लावून बघा. १६९० ते १६९८ जिंजीचा वेढा, राजाराम महाराज आत आणि मोगलांचा झुल्फिकारखान बाहेर. तिकडे आठ वर्षं आणि इकडे दोन वेढे मिळून सहा महिने पण नाहीत!

यावर मी तटावर बसून बराच विचार केला, तुम्ही भांडा हवं तर. झुल्फिकारखानाचं मन वेढ्यात किती होतं हा वेगळा विषय, पण जमिनीचाही हात आहेच. आपल्याकडे डोंगरानंच अर्धं काम केलेलं असतं, ताशीव कड्याखाली तोफ आणायची कुठून आणि मारायची कुठे. इथे शेजारची टेकडी जवळपास तेवढ्याच उंचीची, तिथून तोफ आरामात लागते. म्हणून उंच बुरूज म्हणजे फुकटचं लक्ष्य. मग भिंती खाली घ्यायच्या, जाड करायच्या, कोनात फिरवायच्या आणि उरलेलं जमिनीखाली न्यायचं. नामुरच्या पोटात सुमारे सात किलोमीटर भुयारं आहेत, नेपोलियननं याला युरोपातलं वाळवीचं वारूळ म्हटल्याचं सांगतात. भुयारात गाईडसोबतच सोडतात, आत चांगलाच गारठा, स्वेटर न्या.

बेअर्सेल पटकन उरकतो, ब्रसेल्सच्या दक्षिणेला, लोकल स्टेशनवरून चालत जाता येतं. अस्सल भुईकोट, तीन बुरूज, लाल विटा आणि चारी बाजूंनी पाण्यानं भरलेला खंदक. १४८९ मध्ये ब्रसेल्सकरांनीच याच्यावर हल्ला केला होता. खंदकात बदकं. अर्धा तास पुरे.

ओत फान्यला, म्हणजे ते बोत्रांजवालं पठार, दोनदा गेलो कारण पहिल्यांदा लाल झेंडे लावले होते. कोरड्या दिवसांत तिथली दलदलीची माती पेटते, वरून नाही तर आतून, म्हणून झेंडा लागला की वाटा बंद. दुसऱ्यांदा सुदैवानं धुकं आणि रिपरिप. लाकडी फळ्यांवरून चालायचं, दोन्ही बाजूंना शेवाळ्याचा स्पंज, काठी खुपसली तर अर्धी आत गेली आणि काढताना तिनं ‘पच्च’ असा आवाज केला. कासला जसं पातळ मातीवर सगळं उगवतं त्याच्या बरोब्बर उलटा प्रकार.

तिथूनच खाली वार्श नदीच्या खोऱ्यात राइनहार्डस्टाइन. १३५४ चा किल्ला, पुढे मेटरनिख घराण्याकडे होता, एकोणिसाव्या शतकात दगडांसाठी विकला जाऊन पार अवशेष झाला. १९६९ पासून ओव्हरलूप नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकानं तो जुन्या चित्रांवरून परत उभा केला. आता जंगलातून वळण घेतलं की एकदम संपूर्ण किल्ला समोर, छपरासकट. बायकोला फार आवडला. मला आवडला आणि मग राग आला, कारण नवीन दगड कुठला आणि जुना कुठला हे कळतच नाही. आपल्याकडे तटाला सिमेंट फासलं की आपण ओरडतो ना, मग इथे टाळ्या कशाला? पण दुसऱ्या बाजूनं, त्या माणसानं हे केलं नसतं तर त्या कातळावर आज चार भिंती उरल्या असत्या आणि मी तिकडे गेलोही नसतो. अजून माझं ठरत नाहीये, जाऊन आलेल्यांनी सांगा.

आता हुकलेला. उर्त नदीच्या बाजूचा लोन्य. नोव्हेंबरमधला शनिवार, लिएजवरून सी नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर उतरलो, कड्याखालून नदीकाठानं छान वाट, पांढऱ्या-लाल खुणा बघत चाललोय, डब्यात मेथीचे ठेपले. हा किल्ला ला मार्क घराण्याचा, त्यांच्यातल्या गियोमला लोक ‘आर्देनचं रानडुक्कर’ म्हणायचे, त्याचं डोकं १४८५ मध्ये उडवलं आणि किल्ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्यानं १५२१ मध्ये पाडला. हे सगळं ट्रेनमध्ये वाचून तयार. आणि जंगलाच्या तोंडाशी झाडाला खिळ्यानं ठोकलेला कागद, आजची तारीख, शिकार चालू, वाट बंद. कशाची शिकार, तर रानडुकराची!

थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, वाटलं कुणी नाहीये, जाऊ हळूच. तेवढ्यात वरच्या रानातून कुत्र्यांचा आवाज आणि पाठोपाठ दोन बार. गुपचूप मागे फिरलो. ठेपले स्टेशनच्या बाकावर खाल्ले. ऑक्टोबर ते डिसेंबर आर्देनमध्ये जाणाऱ्यांनी आधी त्या गावच्या शिकारीच्या तारखा बघून घ्या, मी आता कॅलेंडरमध्येच टाकतो. लोन्य वसंतात परत, आणि त्याच फेरीत ला रोशचा किल्ला जमवायचाय, ट्रेन तिथपर्यंत जात नाही त्यामुळे मार्श किंवा मेलरूवरून बस कशी बसते ते कुणी केलं असेल तर कळवा.