तुम्ही विचारलंत म्हणून: भोक न पाडता मडफ्लॅप

गाडी धूत असलो की कुणीतरी वाकून चाकामागे बघतं. "परवा इथे मडफ्लॅप होते ना? मग भोकं कुठायत?"

भोकं नाहीतच. मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे खडे-चिखल अडवणारे रबरी पडदे, मी खडीच्या रस्त्यापुरते लावतो आणि मग काढतो. जुन्या पत्र्याला ड्रिल लावलं की भोकाच्या कडेचा रंग जातो, तिथे पाणी मुरतं आणि गंज रंगाखालून सरकत राहतो. वर फुगवटा दिसेस्तोवर आतला पत्रा पापड झालेला असतो. वर्षातून चार वेळा खडीच्या रस्त्याला जाणाऱ्या गाडीसाठी हे कशाला?

चाकाच्या कमानीत बोटं घालून चाचपा. पत्र्याची कड आत वळवलेली लागते. मी तीच धरतो. एका फ्लॅपला स्टेनलेस स्टीलचे तीन छोटे क्लॅम्प, क्लॅम्प आणि रंग यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, स्क्रू आतल्या बाजूने. आधी कड धुवून पूर्ण कोरडी करायची, कारण ट्यूबखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो प्रवासभर रंग घासत बसतो. लोहचुंबकाने फ्लॅप लावायला मी याच कारणाने नाही म्हणतो. दुहेरी टेपही लावून पाहिली. काढताना नखाएवढा पोपडा घेऊन आली.

चुंबकाचा उपयोग मात्र आहे. मऊ कापडात गुंडाळून कडेवरून फिरवा. लोखंडी पत्र्यावर जिथे तो धरत नाही, तिथे खाली पुट्टी आहे. तिथे क्लॅम्प नको, पुट्टी तडकेल. अशा वेळी जवळचा मूळचा एखादा बोल्ट, बहुतेकदा बंपरच्या ब्रॅकेटचा, काढून तिथे लांब बोल्टाने पट्टी बसवतो. मूळ बोल्ट पिशवीत, चिठ्ठीसकट.

पुढचे फ्लॅप आधी लावा. दारांच्या खालच्या भागावर खडे पुढचीच चाकं मारतात. मग स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून टायर घासत नाही ना, ते बघा.

आता माझी चूक. पहिला फ्लॅप मी जाडजूड रबराचा, भक्कम आवळून बसवला होता. गाडी मागे घेताना टायर त्यावर चढला. फ्लॅपला काही झालं नाही, कमानीची कड तेवढी बाहेर आली. ती ठोकून सरळ करताना रंग गेला तो गेलाच. तेव्हापासून रबर 3 मिलिमीटरचं, आणि त्यातली भोकं वरच्या कडेपर्यंत चिरलेली. जोराची ओढ बसली की रबर खाचेतून निसटतं. परवा एक असंच रस्त्यात पडलं. उतरून उचललं, झटकलं आणि डिकीत टाकलं.