सहा दहा ते सहा चाळीस

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका मुलीबरोबर आमच्या समुपदेशन कक्षात आले, तेव्हा त्यांची डायरी मुलीच्या पर्समध्ये होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला काकांची परवानगी आहे.) दीड वर्षापूर्वी त्यांचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. कुणीतरी सुचवलं, लिहीत जा, मन मोकळं होईल. काका रोज रात्री लिहू लागले. मुलीची तक्रार उलटीच होती. "मॅडम, लिहायला लागल्यापासून जेवण कमी झालंय, झोप तर नाहीच. तुम्हीच वाचून बघा."

डायरी मी काकांच्या हाती द्यायला लावली आणि मुलीला बाहेर बसवलं. घरच्यांनी आणलेली वही समुपदेशकाने परस्पर वाचली, की त्या माणसाचं खरं लिहिणं तिथेच संपतं. आधी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, त्यातला शेवटचा मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे होकार आला असता तर लिहिण्याचा विषय बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. उत्तर 'नाही' होतं, तोंडी विचारल्यावरही.

मग काकांनीच वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"६.१० फोन. ६.४० घरून निघालो. ७.२५ फाटा. ८.०५ सिव्हिल. ८.१० डॉक्टर भेटले. ७.५० ला गेला." दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. उभी नोकरी वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्यात गेलेला माणूस, हिशेब चोख. पण मी चाळलेल्या पानांवर 'वाटलं' हा शब्द कुठेही नव्हता.

लिहिल्याने बरं वाटतं हे लोक सरसकट सांगतात, कसं लिहायचं ते कुणी सांगत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिलं. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना फारसा फायदा झाला नाही. घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. काकांची डायरी पहिल्या प्रकारची होती. शिवाय ती रात्री, वेळेची मर्यादा न ठेवता, तीच ती लिहिलेली. याला आपण दुःख उगाळणं म्हणतो, आणि उगाळलेलं दुःख घेऊन अंथरुणावर पडलं तर झोप कुठून येणार?

मला त्या नोंदीत एक भगदाड दिसत होतं. फोन ६.१० ला, निघाले ६.४० ला. मधला अर्धा तास कोरा. मी त्याबद्दल तोंडी विचारलं नाही. विचारलं की माणूस खुलासा देतो. चार सुटे कागद आणि पेन दिलं. "काका, फक्त ६.१० ते ६.४० लिहा. घरात काय दिसत होतं, कानावर काय येत होतं, पोटात काय होत होतं. पंधरा मिनिटं हात थांबवायचा नाही. सुचलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. आणि फारच असह्य झालं तर तो विषय सोडून दुसरं काहीही लिहा." मी माझ्या रजिस्टरमध्ये डोकं घातलं. समोर कुणी टक लावून बसलं तर लिहिणं होत नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. पुतण्या फोनवर म्हणाला होता, थोडं लागलंय, या. काका म्हणाले, चहा घेऊन निघतो. चहा घेतला. काकूंनी दुसरा कप पुढे केला, तोही घेतला. "दुसरा कप घेतला" हे वाक्य त्या कागदावर सहा-सात वेळा होतं.

अशा वेळी "तुमचा काय दोष काका" असं तोंडावर येतं. ते गिळायचं. अर्धा तास आधी निघाले असते तर ७.३५ ला पोचले असते. हा हिशेब ते माझ्यापेक्षा चांगला जाणत होते. दिलासा देऊन मी फक्त विषय बंद केला असता.

संध्याकाळी जड वाटेल, रडू येईल, हे जाताना सांगून ठेवलं. लिहिल्यानंतर लगेच मन आणखी खाली जातं, त्याच प्रयोगातही ते दिसलं होतं. आधी सांगितलं नाही तर माणसं दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. पुढचे तीन दिवस घरी, दुपारी चार वाजता, मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून. रात्री नाही. त्याच दिवशी पुन्हा वाचायचं नाही. लिहून झाल्यावर हातापायांचं काम: गोठा झाडा, पाणी भरा, काहीही. कागद पाकिटात बंद, आणि पाकीट कुणी उघडणार नाही असं मुलीकडून कबूल करून घेतलं. चार खोल्यांत सात माणसं असलेल्या घरात हीच अट सगळ्यात अवघड.

दुसऱ्या दिवशी तोच अर्धा तास, पण मुलाबद्दल जे मनात आहे त्यासकट. तिसऱ्या दिवशी पुतण्याच्या बाजूने: रस्त्यावर उभा राहून काकाला फोन लावणारा मुलगा. चौथ्या दिवशी, आता पुढे काय.

पुढच्या भेटीत त्यांनी तिसऱ्या दिवसाचा कागद दाखवला. "त्याला खरं सांगवलं नाही, म्हणून मला कळलं नाही. कळलं असतं तर चहा घेतलाच नसता." मी अशाच वाक्याची वाट बघत होते. 'म्हणून', 'कारण', 'आता कळतंय' असे शब्द यायला लागले की गोष्ट पुढे सरकते आहे असं मी धरते. चार दिवसांनंतरही तेच वाक्य तसंच राहिलं, तर लिहिणं थांबवून दुसरा उपाय बघते.

याने चमत्कार होत नाही. २००६ साली जोआन फ्रॅटारोली यांनी असे १४६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी फायदा निघाला तो छोटाच. दुःख अगदी ताजं असेल, दारू चालू असेल, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा जिवंत होत असेल, तर एकट्याने लिहायला मी सांगत नाही. रात्री-अपरात्री सोसवेना झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाकिटावर लिहून देते.

काका आता जेवतात बरं. झोपेची गोळी डॉक्टरांनी अजून चालू ठेवली आहे. पुतण्याशी बोलणं झालेलं नाही. त्याला पत्र लिहू का, असं विचारत होते. म्हटलं, लिहा, पण महिनाभर पोस्टात टाकू नका.